'वऱ्हाड'मधला ऱ कोण ठरवतं? इंटरनेटच्या कारभारात शिरण्याची गावाकडची वाट

आमच्या तालुक्यातल्या एका बचत गटाचं दरपत्रक माझ्या सेवा केंद्रात टाइप होतं. ठेचा, पापड, सांडगे, जवसाची चटणी असं सगळं त्यात असतं. गटाच्या अध्यक्षताईंना 'वऱ्हाडी' हा शब्द सगळीकडे ठळक हवा होता. फाईलमध्ये तो नऊ ठिकाणी होता. मी 'शोधा' दाबलं तर संगणकाने चारच दाखवले. उरलेले पाच समोर लख्ख दिसत होते, आणि संगणक मात्र नाही म्हणत होता. ताई म्हणाल्या, "डोये फुटले का याचे?"

डोळे फुटले नव्हते. चार शब्द मोबाइलवर टाइप होऊन आले होते आणि पाच माझ्या जुन्या कीबोर्डवर. मोबाइलने 'वऱ्हाड' लिहिताना ऱ, त्याचा हलन्त आणि ह अशी चिन्हं जोडली होती. माझ्या कीबोर्डने साधा र, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह आणि त्यापुढे ह घातला होता. पहिल्या 'वऱ्हाड'मध्ये सहा चिन्हं, दुसऱ्यात सात. कागदावर छापलं तर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द.

दरपत्रकात ही निव्वळ कटकट आहे. हाच शब्द संकेतस्थळाच्या पत्त्यात आला की फसवणुकीला वाट मिळते. दिसायला एकच पत्ता, उघडणारी दुकानं दोन, आणि त्यातलं एक चोराचं. म्हणजे देवनागरी पत्त्यात कोणतं चिन्ह चालेल आणि कोणतं नाही, हे कुणीतरी ठरवायला हवं होतं. ते ठरलंही. पण दिल्लीने एकटीने ठरवलं नाही, आणि अमेरिकेतल्या एखाद्या कंपनीनेही नाही.

ब्राह्मी लिपीपासून निघालेल्या नऊ लिप्यांसाठी 'निओ-ब्राह्मी' नावाचा एक गट काम करत होता. त्यात भाषेचे अभ्यासक होते, संगणकाचे जाणकार, सरकारी संस्थांमधली माणसं आणि डोमेन नावांच्या धंद्यातली मंडळीही होती. देवनागरीचा मसुदा त्यांनी हरकती-सूचनांसाठी खुला ठेवला, दुसऱ्या तज्ज्ञ गटाने तो तपासला आणि २०१९ मध्ये तो जागतिक नियमांत गेला. हे नियम पत्त्याच्या सगळ्यात शेवटच्या तुकड्यासाठी आहेत, म्हणजे '.भारत'सारख्या शेपटासाठी. तिथे अदृश्य जोडचिन्हाला बंदी झाली. ऱ ला जागा मिळाली, पण ऱ्य आणि ऱ्ह या जोडणीतच. मराठीत त्याचं काम तेवढंच. 'दऱ्या' आणि 'वऱ्हाड' दोन्ही त्यात बसतात.

सरकार, धंदेवाले, जाणकार आणि सामान्य वापरणारे असे सगळे एका टेबलाभोवती बसून नियम करतात, त्यालाच इंटरनेट गव्हर्नन्स म्हणतात. मी त्याला सरळ 'कारभार' म्हणतो. संयुक्त राष्ट्रांनी भरवलेल्या ट्युनिसच्या जागतिक परिषदेत २००५ मध्ये त्याची जी कामचलाऊ व्याख्या ठरली, तिच्यातही सरकारं, खासगी क्षेत्र आणि नागरी समाज अशी तिघांची नावं आहेत, 'आपापल्या भूमिकेत' या शब्दांसह. सगळी भांडणं या 'आपापल्या भूमिके'वरूनच होतात. ज्याला या कारभारात नव्याने डोकवायचंय, त्याने कुठून सुरुवात करावी ते सांगतो. मी स्वतः बराच उलटा फिरलो, तुम्ही सरळ जा.

पहिली पायरी: एका कामाचा माग काढा

संस्थांची नावं पाठ करत बसू नका. आपलं रोजचं एक काम घ्या आणि ते कुणाकुणाच्या हातून जातं ते वहीत लिहा. मी ई-पीक पाहणी घेतली होती.

शेतकरी तुरीच्या धुऱ्यावर उभा राहून पिकाचा फोटो काढतो. फोनला सिग्नल लागतो ती लहरींची मालमत्ता. देशात तिचं वाटप केंद्र सरकार करतं आणि देशादेशांत ती कशी वाटायची याचे करार आयटीयू या संस्थेत होतात. तारायंत्राच्या काळात, १८६५ मध्ये, जन्मलेली ही संस्था आज संयुक्त राष्ट्रांचा भाग आहे. फोटो निघाला की फोनला आणि पलीकडच्या सर्व्हरला एकेक क्रमांक लागतो, आयपी पत्ता. हे क्रमांक जगात पाच प्रादेशिक संस्था वाटतात. आपल्या भागाची एपनिक, कचेरी ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला. भारतात तिच्या हाताखाली निक्सी या राष्ट्रीय संस्थेची आयआरआयएनएन ही शाखा आहे. जुन्या पद्धतीचे क्रमांक सुमारे ४२९ कोटीच होते, आणि जगाच्या कोठारातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून संपले. नव्या पद्धतीचे इतके आहेत की मोजायची गरज नाही.

क्रमांक कुणाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून नावं. नावांचा सगळ्यात वरचा खातेवहीदार आयकॅन. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात नोंदलेली ही ना-नफा संस्था आहे, सरकारी नाही. '.इन' आणि '.भारत' ही शेपटं निक्सीकडे आहेत. देवनागरीतलं '.भारत' २०१४ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं. हा फोटो तुकडे होऊन कसा जातो आणि पलीकडे कसा जुळतो, ती रीत आयईटीएफ नावाच्या अभियंत्यांच्या मेळाव्यात लिहिली जाते. ॲप मात्र राज्याच्या महसूल खात्याचं.

हे लिहून झालं की मोठा फायदा होतो. कशासाठी कुणाकडे जायचं नाही, ते कळतं. ॲप लटकलं तर आयकॅनला पत्र लिहून काही होणार नाही. गावात नेट बंद पाडलं गेलं तरीही नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावती शहरात हिंसाचारानंतर इंटरनेट बंद केलं होतं, तेव्हा कितीतरी जण कंपनीच्या कस्टमर केअरला शिव्या घालत होते. तो आदेश प्रशासनाचा असतो. केंद्राने त्यासाठी २०१७ मध्ये नियम केले (२०२४ मध्ये त्यांच्या जागी नवे आले), आणि १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असे आदेश प्रसिद्ध करावे लागतील आणि ते बेमुदत चालणार नाहीत. म्हणजे त्याचं दार गृह खातं, आढावा समिती आणि शेवटी कोर्ट.

दुसरी पायरी: कोणत्या टेबलावर सरकारची खुर्ची केवढी, ते बघा

नवख्या माणसाचा इथेच घोळ होतो. त्याला वाटतं, एक तर सगळं सरकारच्या हातात आहे, नाही तर कुणाच्याच नाही. खरं तर प्रत्येक टेबलावर सरकारची खुर्ची वेगळ्या उंचीची असते.

आयटीयूमध्ये मत फक्त देशाला. कंपन्या आणि विद्यापीठं सभासद होऊ शकतात, बोलू शकतात, पण हात वर करायचा तो सरकारनेच. २०१२ च्या डिसेंबरमध्ये दुबईला दूरसंचाराचा जुना करार बदलायला सगळे जमले, तेव्हा ८९ देशांनी सह्या केल्या. भारताने केली नाही.

आयकॅनमध्ये उलटं. तिथे सरकारांची एक सल्लागार समिती आहे, तिला मत नाही. पण तिने एकमताने दिलेला सल्ला संचालक मंडळाला मोडायचा असेल तर साठ टक्के मतं लागतात आणि कारण द्यावं लागतं. सल्ला म्हटलं तरी त्याला वजन आहे. '.ॲमेझॉन' या शेपटासाठी त्या कंपनीने नव्या शेपटांच्या २०१२ च्या फेरीत अर्ज केला, तेव्हा नदी आणि जंगल ज्यांचं, ते ब्राझील आणि पेरू आडवे आले. सरकारांच्या समितीने २०१३ मध्ये नको म्हटलं. भांडण पुढे कैक वर्षं चाललं आणि शेवटी नाव कंपनीलाच मिळालं. त्या फेरीची अर्जाची फी होती १ लाख ८५ हजार डॉलर. उद्या कुणी '.वऱ्हाड' मागायचं म्हटलं तर अक्षराची परवानगी आहे, पैशाचं बघा.

आयईटीएफमध्ये तर सरकारची खुर्चीच नाही. सभासदत्व नाही, मतदान नाही. जो येईल तो माणूस म्हणून येतो, देश किंवा कंपनी म्हणून नव्हे. सभागृहाचा कल घ्यायची परंपरागत रीत म्हणजे हात वर न करता तोंड मिटून गुणगुणायचं. आवाज कुठल्या बाजूला मोठा आला त्यावरून अंदाज बांधायचा, आणि एकट्याचीही हरकत खरी असेल तर ती बाजूला सारायची नाही. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे विचित्र वाटेल. आपल्याला वाटू नये. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातलं मेंढा गाव बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घेतं. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणाऱ्या त्या गावात ग्रामसभेआधी अभ्यासगट बसतो. आयईटीएफचंही तसंच: आधी कार्यगटाच्या ईमेलवर महिनोन्महिने काथ्याकूट, मग बैठक. फरक इतकाच की मेंढ्यात गावातलं प्रत्येक घर बोलावलं जातं, आणि तिथे ज्याला परवडतं तो येतो.

चौथं टेबल आयजीएफ, म्हणजे इंटरनेट गव्हर्नन्स फोरम. ते संयुक्त राष्ट्रांचं, पण तिथे काहीही ठरत नाही. नुसती चर्चा. पहिली बैठक २००६ मध्ये अथेन्सला झाली आणि २००८ ची आपल्या शेजारी हैदराबादला. 'नुसती चर्चा' म्हणून मी आधी नाक मुरडलं होतं. पण एरवी भेटीची वेळ न देणारा अधिकारी तिथे चहाच्या रांगेत मागे उभा असतो.

मध्येच एक वळण: दिल्लीचं मत एकच नसतं

२०११ च्या ऑक्टोबरमध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांत मांडलं की इंटरनेटच्या धोरणासाठी पन्नास देशांची एक समिती करावी. म्हणजे खुर्ची सरकारांना. देशातच त्यावर बरीच टीका झाली. पुढल्या वर्षी दुबईला सही टाळली. २०१५ च्या जूनमध्ये आयकॅनच्या ब्युनोस आयर्स बैठकीत भारताने सांगितलं की सगळ्या घटकांनी मिळून कारभार चालवण्याला आमचा पाठिंबा आहे. पुढच्याच वर्षी, १ ऑक्टोबर २०१६ ला, अमेरिकन सरकारचा आयकॅनवरचा देखरेखीचा करार संपला, आणि महिनाभराने आयकॅनची बैठक हैदराबादला भरली.

हे सांगण्याचं कारण असं की सरकारची भूमिका बदलते, आणि बदलते तेव्हा बाहेरून कुणीतरी कागद धाडलेला असतो.

तिसरी पायरी: पहिला कागद ट्रायला धाडा

जगाच्या टेबलावर जाण्याआधी घरच्या टेबलावर हात साफ करा. दूरसंचार नियामक, म्हणजे ट्राय, कोणताही मोठा निर्णय घेण्याआधी आपल्या संकेतस्थळावर चर्चापत्र टाकतं. त्यात क्रमांक घातलेले प्रश्न असतात. आधी सूचना पाठवायची मुदत, मग दुसऱ्यांनी पाठवलेल्या सूचनांवर प्रतिसूचना द्यायची मुदत, त्यानंतर बहुधा खुली चर्चा. हा 'दुसऱ्यांच्यावर उत्तर द्या' टप्पा फार कामाचा आहे. मोठ्या कंपनीने काय लिहिलं ते आधी वाचायला मिळतं.

ताकद बघायची असेल तर नेट न्यूट्रॅलिटीचं, म्हणजे नेटवर सगळ्या संकेतस्थळांना सारखी वागणूक देण्याचं, प्रकरण आठवा. २७ मार्च २०१५ ला ट्रायचं चर्चापत्र आलं, तेव्हा देशभरातून दहा लाखांवर ईमेल गेले. ८ फेब्रुवारी २०१६ ला नियम निघाला की कोणत्या संकेतस्थळाला किती डेटा दर, असा भेदभाव कंपन्यांना करता येणार नाही. त्याबरोबर फेसबुकची 'फ्री बेसिक्स' ही निवडक संकेतस्थळं फुकट दाखवणारी योजना भारतात बंद झाली. खेड्यातल्या गरिबाला निदान काहीतरी फुकट मिळत होतं, असा तिच्या बाजूचा मुद्दा होता. मला तो तेव्हाही पटला नाही. चार दुकानं दाखवून 'हाच बाजार' म्हणण्यासारखं ते होतं.

कागद कसा लिहायचा, ते जरा सविस्तर सांगतो, कारण बहुतेक जण इथेच वाया जातात. 'आमच्याकडे नेटवर्क येत नाही, कृपया लक्ष द्यावे' हे लिहू नका. ते गाऱ्हाणं झालं, सूचना नव्हे. मी ग्रामपंचायतीतल्या भारतनेट या सरकारी योजनेच्या जोडणीबद्दल लिहायला बसलो, तेव्हा आधी महिनाभर एक वही ठेवली. रोज सकाळी दहा, दुपारी दोन आणि संध्याकाळी पाचला जोडणी आहे की नाही, याची खूण. बंद असेल तर कारण: वीज नाही, केबल तुटली, की उपकरणाचा लाल दिवा. महिन्याच्या शेवटी खुणा मोजल्या तर तारेपेक्षा विजेनेच जास्त वेळा घात केला होता. मला स्वतःला ते आधी माहीत नव्हतं. मी वर्षभर केबलच्या नावाने खडे फोडत होतो.

मग प्रश्नाचा क्रमांक टाकायचा, खाली आपण कोण ते एका ओळीत, मग वहीतली मोजणी, आणि शेवटी मागणी एकच. 'उपकरणासोबत बॅटरीची सोय बंधनकारक करावी' अशी, ज्यावर कुणाला हो किंवा नाही म्हणता येईल. दोन पानांच्या वर जाऊ नका. इंग्रजीत जमत असेल तर इंग्रजीत लिहा. नसेल तर शाळेतल्या सरांना धरा, लाज नको.

एक सावधगिरी. ट्राय आलेल्या सूचना संकेतस्थळावर टाकतं. २०१५ मध्ये लाखो लोकांचे ईमेल पत्तेही त्याबरोबर जाहीर झाले होते. त्यामुळे बँकेला जोडलेला ईमेल वापरू नका. केंद्राच्या मंत्रालयाची रीत वेगळी असू शकते. वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या नियमांचा मसुदा ३ जानेवारी २०२५ ला आला, तेव्हा सूचना मायगव्ह संकेतस्थळावर मागवल्या आणि त्या जाहीर करणार नाही असं आधीच सांगितलं. त्यात माणूस निर्धास्त लिहितो हे खरं, पण कंपन्यांनी काय मागितलं ते तुम्हाला कळत नाही. मला ट्रायची उघडी रीत जास्त आवडते.

चौथी पायरी: आयकॅनच्या ओसरीवर बसा

आयकॅनचं फुकटचं शिक्षण संकेतस्थळ आहे, आयकॅन लर्न. खातं उघडा आणि सुरुवातीचे दोन-तीन धडेच करा. बाकीचे अर्ध्यात सुटतात, अनुभवाने सांगतो. सामान्य वापरणाऱ्यांसाठी तिथे 'ॲट लार्ज' नावाची जागा आहे, आणि आशिया-ऑस्ट्रेलिया भागाची शाखा अपरालो. एकट्या माणसालाही तिथे सभासद होता येतं, फी नाही. संस्थाही येऊ शकतात, त्यामुळे गावातल्या वाचनालयानेही हरकत नाही. 'इंटरनेट सोसायटी'चंही वैयक्तिक सभासदत्व फुकट आहे.

वर्षाला आयकॅनच्या तीन मोठ्या बैठका होतात. घरबसल्या ऑनलाइन बसता येतं. प्रत्यक्ष जायचं तर फेलोशिप आहे, प्रवास आणि राहण्याचा खर्च त्यात निघतो. त्या अर्जात पदव्यांपेक्षा 'तुम्ही आजवर काय केलं' याला महत्त्व असतं, म्हणून ती वही आणि ट्रायला पाठवलेला कागद जपून ठेवा. निवड झाली नाही तर पुन्हा भरा.

मोठ्या टेबलाची भीती वाटत असेल तर आधी इंडिया आयजीएफ, म्हणजे तशाच चर्चेची देशातली बैठक. २०२१ पासून ती दिल्लीकडून भरते आणि ऑनलाइनही बसता येतं. आयोजनात सरकार, उद्योग, तंत्रज्ञ, शिक्षणक्षेत्र आणि नागरी संघटना असतात. भाषेचा त्रास तिथे थोडा कमी.

हे सगळं 'खुलं' आहे असं सगळे सांगतात, मीही सांगतो. पण खुल्या दारातून आत जायला वेळ लागतो, आणि वेळाला पैसे लागतात. मोठ्या कंपनीचा माणूस त्या बैठकीला पगारावर आलेला असतो. मी दुकान बंद करून बसतो, आणि त्या दिवशीचे उत्पन्नाचे दाखले दुसऱ्याच केंद्रात जातात. आयकॅनच्या नेहमीच्या बैठकांत संयुक्त राष्ट्रांच्या सहा भाषांचे दुभाषे असतात. त्यात मराठी नाही, हिंदीही नाही. म्हणून सगळीकडे जाऊ नका. एक विषय धरा. माझा ऱ आहे. तुमचा वीज असेल, मुलांची सुरक्षितता असेल, किंवा आदिवासी भाषांमधले पत्ते. गोंडीसारखी भाषा जिथे आहे, तिथल्या माणसाने हा विषय उचलला तर तो माझ्यापेक्षा चांगलं बोलेल.

पाचवी पायरी: पहिल्यांदा तोंड उघडताना

बैठक अमेरिकेत असेल तर आपल्याकडे रात्र असते. वीज गेली तर म्हणून मोबाइलचा डेटा आणि भरलेली पॉवर बँक जवळ ठेवा. पहिल्या दोन बैठका नुसतं ऐका. कोण कुणाला नावाने हाक मारतं, कुणाच्या बोलण्यावर अध्यक्ष टिपण घेतात, ते बघा. गावच्या सभेत जसं कळतं तसंच इथेही कळतं.

बोलायची वेळ आली की प्रश्न आधीच लिहून ठेवा आणि मोठ्याने वाचून घड्याळ लावा. सार्वजनिक सत्रात बोलायला दोनेक मिनिटंच मिळतात. आधी नाव, मग गाव आणि जिल्हा, मग 'मी एक सेवा केंद्र चालवतो' असं काहीतरी, म्हणजे तुम्ही कुणाच्या वतीने बोलत नाही हे स्पष्ट होतं. लगेच प्रश्न. आभार शेवटी, सुरुवातीला नकोत. आपल्याकडे आभारातच निम्मा वेळ जातो. आणि यवतमाळ म्हटलं की पलीकडचा लिहून घेणारा स्पेलिंग विचारतो, तेव्हा ते चॅटमध्ये आधीच टाकून ठेवा.